शास्त्रीय नाव कुठून आलं हे शोधायचं असेल तर: तीन मोफत संकेतस्थळांचं परीक्षण

ताम्हणाला लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओझा का म्हणतात? बाभळीचं 'अकेशिया' कुठे गेलं? निशिगंध अचानक अगावेच्या घरात कसा शिरला? झाडं बघत फिरणाऱ्या माणसाला असे प्रश्न पडतातच. इंटरनेटवर उत्तर शोधायला गेलं की बहुतेकदा एकमेकांवरून उतरवून घेतलेल्या याद्या समोर येतात. 'इंडिका म्हणजे भारतातली', 'अमुक नाव तमुक शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ' अशी वाक्यं त्यांत असतात, पण ती कुठून घेतली याचा पत्ता नसतो. त्यातली निम्मी बरोबर असतात, आणि नेमकी कोणती निम्मी हे यादी वाचून कळत नाही.

म्हणून नावाच्या मुळापर्यंत नेणाऱ्या तीन संकेतस्थळांबद्दल लिहितो आहे. पहिलं लंडनच्या क्यू इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डन्सचं 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन', ज्याला जाणकार 'पोवो' म्हणतात. दुसरं 'इंटरनॅशनल प्लँट नेम्स इंडेक्स' म्हणजे 'इपनी'. हे क्यू, हार्वर्ड विद्यापीठाची हर्बेरियमं (वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह) आणि ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय हर्बेरियम मिळून चालवतात. तिसरं 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी', म्हणजे 'बीएचएल'. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या ग्रंथालयांनी 2006मध्ये एकत्र येऊन सुरू केलेलं हे जुन्या निसर्गग्रंथांचं भांडार आहे. तिन्ही मोफत आहेत आणि बघायला नोंदणीही लागत नाही.

माझं मत आधीच सांगतो. नाव कुणी दिलं, कधी दिलं, कोणत्या पानावर छापलं आणि आज ते चालतं का, या चार गोष्टींसाठी या तिघांना तोड नाही. नावाचा अर्थ मात्र यातलं कुणीच आयता हातात देत नाही. तो लावायला लागणारं सगळं साहित्य इथे आहे, फक्त ते कुठे पडलेलं असतं हे माहीत हवं. आणि बहुतेक वेळा ते पानाच्या वरच्या ठळक अक्षरांत नसून खाली, जुन्या नावांच्या यादीत असतं. ती यादी न उघडता परत फिरणं ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

पोवो आणि इपनी यांतला फरक आधी समजून घ्या, कारण गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. इपनी ही नोंदवही आहे. नियमानुसार छापून आलेलं प्रत्येक नाव ती टिपते, आणि ते आज योग्य की अयोग्य याचा निवाडा करणं हे तिचं काम नाही. तिचं मूळ 'इंडेक्स क्यूएन्सिस' या छापील सूचीत आहे. चार्ल्स डार्विनने दिलेल्या पैशातून बेंजामिन डेडन जॅक्सनने ती तयार केली आणि 1893 ते 1895 या काळात तिचे पहिले भाग निघाले. निवाडा करतं ते पोवो: कोणतं नाव स्वीकृत, कोणतं जुनं, वनस्पती मूळची कुठली. त्यामुळे 'इपनीत सापडलं, म्हणजे नाव बरोबर आहे' हा तर्क चुकीचा. इपनीत सापडण्याचा अर्थ एवढाच, की हे नाव कधीतरी छापलं गेलं होतं.

आता ताम्हण घेऊ, आपलं राज्यफूल. पोवोच्या शोधपेटीत रोमन लिपीत पहिली चार-पाच अक्षरं टाकली की खाली सुचवण्या येतात, त्यांतलं नाव निवडायचं. स्पेलिंग पाठ नसेल तर पूर्ण नाव टाइप करण्यापेक्षा हाच मार्ग बरा. पान उघडलं की वर जातीचं नाव दिसतं आणि त्यामागे 'कंसात एल, बाहेर पर्स' अशी अक्षरं दिसतात. बहुतेक लोक ती सोडून देतात. खरं तर अर्धी गोष्ट त्या अक्षरांतच आहे. कंसातलं नाव जातिनाम पहिल्यांदा देणाऱ्याचं आणि कंसाबाहेरचं नाव ते आजच्या प्रजातीत आणून बसवणाऱ्याचं. (या लेखात प्रजाती म्हणजे नावाचा पहिला शब्द जाती म्हणजे दोन्ही शब्द मिळून होणारं नाव आणि जातिनाम म्हणजे त्यातला दुसरा शब्द.) 'एल' हे एकटं अक्षर दोन शब्दी नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञासाठी राखून ठेवलेलं आहे, 'पर्स' म्हणजे पर्सून. म्हणजे लिनियसने ही जाती आधी दुसऱ्याच प्रजातीत ठेवली होती. कोणत्या? ते वरच्या ओळींत कुठेच सापडणार नाही.

त्यासाठी खाली सिनॉनिमांकडे, म्हणजे त्याच झाडाच्या आज न चालणाऱ्या नावांकडे जा. तिथे दोन गट असतात. पहिला 'होमोटिपिक': एकाच नमुन्यावर आधारलेली, एकातून दुसरी निघालेली नावं. दुसरा 'हेटेरोटिपिक': वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या नमुन्यांना दिलेली, पण पुढे एकच झाड आहे असं ठरल्यामुळे एकत्र आलेली नावं. ताम्हणाच्या पहिल्या गटात 'म्युन्खाउझिया स्पेसिओझा' भेटतं. लिनियसने 1770मध्ये दिलेलं हेच मूळ नाव. त्यातली प्रजाती जर्मन सरदार आणि शेतीविषयक लेखक ऑटो फोन म्युन्शहाउझेन याच्या नावावरून आली. पर्सूनने 1806मध्ये झाड लॅगरस्ट्रोमियात हलवलं, तेव्हा म्युन्शहाउझेन बाजूला पडला आणि 'स्पेसिओझा' हा शब्द पुढे आला. लॅगरस्ट्रोमिया हे नाव लिनियसनेच 1759मध्ये आपला व्यापारी मित्र माग्नुस लागरस्ट्रोम याच्यावरून ठेवलं होतं. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीशी संबंधित असलेला हा माणूस त्याला पूर्वेकडचे नमुने मिळवून देई. 'स्पेसिओझा' म्हणजे देखणी. दुसऱ्या गटात 'फ्लोस-रेजिनी' हे रेट्झियसने दिलेलं नाव आहे, राणीचं फूल या अर्थाचं. त्याच गटात लामार्कचं 'आदांबेआ'ही आहे. ते मलबारातल्या स्थानिक नावावरून घडवलेलं आहे. एका झाडाच्या एका पानावर एवढं सगळं आहे, आणि वरच्या दोन ओळी वाचून थांबणाऱ्याला यातलं काहीही मिळत नाही.

आपल्याकडच्या झाडांच्या बाबतीत ही जुनी नावं आणखी मोलाची ठरतात. कारवीचं स्वीकृत नाव स्ट्रोबिलँथिस कॅलोझा. ग्रीक 'स्ट्रोबिलोस' म्हणजे सुरूच्या झाडाला येतो तसा शंकू आणि 'अँथोस' म्हणजे फूल. फुलोऱ्याचा आकार बघितला की हे लगेच पटतं. पण सिनॉनिमांत 'कार्व्हिया कॅलोझा' हे नाव आहे. ब्रेमेकांप या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1944मध्ये स्ट्रोबिलँथिसचे अनेक तुकडे केले, तेव्हा सह्याद्रीतल्या या झुडपाला स्वतंत्र प्रजाती दिली आणि तिला थेट आपल्या 'कारवी'चं नाव दिलं. पुढच्या अभ्यासकांनी ते तुकडे पुन्हा जोडले आणि 'कार्व्हिया' सिनॉनिमांत गेलं. मराठी शब्दावर बेतलेलं हे प्रजातिनाम फक्त त्या यादीत जिवंत आहे.

कोकमाचंही तसंच. गार्सिनिया इंडिका या नावातला गार्सिनिया म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीत शल्यवैद्य म्हणून राहिलेला लोराँ गार्सँ. पण नावामागच्या कंसात 'थुआर' दिसतो, म्हणजे जातिनाम त्याने दिलं, आणि त्याचं मूळ नाव 'ब्रिंडोनिया इंडिका'. हा 'ब्रिंडोन' पोर्तुगीज 'ब्रिंदाँव'मधून आला आणि तो शब्द पोर्तुगीजांनी गोव्यात भिरंडावरून उचलला. शॉइसीने 1824मध्ये झाड गार्सिनियात नेलं आणि कोकणी शब्द यादीत खाली उतरला. त्याच पानावर रॉक्सबर्गचं 'गार्सिनिया पर्प्युरिया' मिळतं, फळाच्या जांभळ्या रंगावरून दिलेलं. जुन्या औषधी ग्रंथांत हे नाव भेटतं आणि ते वेगळं झाड आहे असा समज होतो. तसं नाही.

जांभळाच्या बाबतीत तर या यादीचा रोजच्या व्यवहारात उपयोग आहे. आजचं नाव सिझिजियम क्युमिनी. पण होमिओपॅथीच्या बाटलीवर अजूनही 'सिझिजियम जांबोलॅनम' असतं आणि जुन्या पुस्तकांत 'युजेनिया जांबोलॅना'. तिन्ही एकच झाड. 'जांबोलॅना' आपल्या जांबूवरून, 'युजेनिया' सॅव्हॉयच्या प्रिन्स यूजीनवरून. स्वीकृत नावात 'क्युमिनी' राहिलं, कारण लिनियसने झाडाला 'मिर्टस क्युमिनी' म्हटलं होतं आणि लामार्कचं नाव त्यानंतरचं. पहिलं जातिनाम टिकतं हा नियम. जास्त समर्पक वाटणारं नाव मागे पडतं याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

माणसांची नावं शोधायची असतील तर पोवो सोडून इपनीत जा. तिथे लेखकांचा वेगळा शोध आहे. 'रॉक्सब' टाकलं की विल्यम रॉक्सबर्ग, 1751 ते 1815. 'ब्लाट' टाकलं की मुंबईचे फादर ब्लाटर, 1877 ते 1934. वनस्पतिशास्त्रात प्रत्येक लेखकाचं एक ठरलेलं संक्षिप्त रूप असतं आणि ते इथे खात्रीने मिळतं. नावांच्या मधे येणारे दोन छोटे शब्दही इथेच शिकून घ्यावेत. 'एक्स' म्हणजे नाव सुचवलं पहिल्याने, पण नियमानुसार छापलं दुसऱ्याने. गुलमोहोराचं मूळ नाव 'पॉइन्सियाना रेजिया' हे 'बोयर एक्स हुकर' असं आहे: बोयरने मादागास्करमध्ये झाड पाहिलं, नाव योजलं आणि हुकरने 1829मध्ये ते छापलं. पुढे रॅफिनेस्कने ते 'डेलोनिक्स'मध्ये नेलं. ग्रीकमध्ये 'डेलोस' म्हणजे ठळक आणि 'ओनिक्स' म्हणजे नखी. गुलमोहोराची एक पाकळी तोडून तिचा तळाकडचा निमुळता, लांब दांडीसारखा भाग बघा. वनस्पतिशास्त्रात त्या भागाला नखीच म्हणतात. दुसरा शब्द 'इन': दुसऱ्याच्या ग्रंथात छापलं, पण वर्णन पहिल्याचंच. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की श्रेय चुकीच्या माणसाला जातं.

आपल्याशी जोडलेली माणसं या नोंदींत पावलोपावली भेटतात. कुंभ्याचं नाव करेया आर्बोरिया. यातला करेया म्हणजे विल्यम केरी, 1805मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा. त्याने रॉक्सबर्गचे ग्रंथही संपादित केले. 'भिडिया' ही गवताची प्रजाती पुण्याच्या शेती महाविद्यालयातल्या रा. का. भिडे यांच्या नावाची, आणि तिच्यापुढे 'स्टाप्फ एक्स बोर' असं लिहिलेलं असतं. त्यातला 'एक्स' आता वाचता येईल. सिरोपेजिया महाबळेई हे कंदीलपुष्प प्रा. महाबळे यांच्या, तर सिरोपेजिया संतापावी हे फादर संतापाव यांच्या नावाचं.

इथे एक व्याकरणाची गोष्ट सांगायला हवी, कारण अर्थ लावताना लोक इथे हमखास अडखळतात. पुरुषाच्या नावावरून आलेला शब्द साधारणपणे 'आय' किंवा दुहेरी 'आय'ने संपतो, बाईच्या नावावरून आलेला 'ए-ई'ने. पण सिरोपेजिया रोली हे रोला शेषगिरी राव या पुरुष वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाचं असूनही त्याच्या शेवटी 'ए-ई' आहे. मूळ नाव 'अ'ने संपत असेल तर पुरुषाच्या बाबतीतही तसंच रूप होतं. तेव्हा फक्त शेवट बघून 'ही कुणी बाई असणार' असं लिहू नका. इपनीत मूळ प्रकाशन बघा.

जागेवरून आलेली नावंही लिंगानुसार बदलतात. सिरोपेजिया सह्याद्रिका, पण ॲरिसिमा सह्याद्रिकम. सिरोपेजिया कोंकानेन्सिस, पण दीपकाडीचं डिपकाडी कोंकानेन्से. शब्द एकच, प्रजातीचं लिंग वेगळं. फायकस हा शब्द 'अस'ने संपूनही स्त्रीलिंगी आहे, कारण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगी. म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओझा, 'रिलिजिओझस' नव्हे. हे माहीत नसलं की माणूस चुकीचं रूप टाइप करतो, शोधात काही येत नाही आणि दोष संकेतस्थळाला जातो.

स्पेलिंगच्या बाबतीत तिन्ही संकेतस्थळं कडक आहेत आणि ते योग्यच आहे. वडाच्या 'बेंघालेन्सिस'मध्ये जीनंतर एच आहे, कारण लिनियसने 1753मध्ये तसंच छापलं. केना या रानभाजीच्या कोमेलिना बेंघालेन्सिसमध्येही तोच एच. बेहड्याच्या नावात 'बेलिरिका' असं आयने लिहायचं, 'बेलेरिका' नव्हे; गेर्टनरचं मूळ रूप तेच. शिरीषाच्या अल्बिझियात झेड एकच, जरी ज्याच्यावरून नाव दिलं त्या फ्लॉरेन्सच्या अल्बिझ्झीच्या आडनावात दोन असले तरी. चाफ्याची प्रजाती 'प्लुमेरिया', जरी माणूस प्लुमिए असला तरी. साधा नियम असा: माणसाचं किंवा गावाचं स्पेलिंग आज काय आहे ते बघायचं नाही, पहिल्यांदा काय छापलं ते बघायचं. नर्सऱ्यांच्या पाट्यांवरच्या बहुतेक चुका याच जागी होतात.

आता अर्थाकडे. इपनीच्या नोंदीत बीएचएलचा दुवा असेल तर एका क्लिकवर मूळ छापील पान उघडतं, आणि तो या सगळ्या खटाटोपातला सर्वांत समाधानाचा क्षण आहे. पण अपेक्षा योग्य ठेवा. लिनियसच्या 1753च्या ग्रंथात नावांची व्युत्पत्ती नाही. तिथे वर्णनाची एखादी ओळ, आधीच्या ग्रंथांचे संदर्भ आणि 'हॅबिटाट इन इंडिया' एवढंच. प्रजातिनामांची कारणं त्याने आधीच्या लेखनात, 1737च्या सुमाराला दिली आहेत. बौहिनियाचं, म्हणजे कांचनाच्या प्रजातीचं, स्पष्टीकरण तिथलंच: जोडपान म्हणजे झां आणि गास्पार हे दोन बोआं बंधू. कांचनाचं पान हातात घेऊन हे वाचलं की नाव कायमचं लक्षात राहतं. एकोणिसाव्या शतकातले लेखक कधी कारण देतात, कधी देत नाहीत. अलीकडच्या शोधनिबंधांत मात्र 'एटिमॉलॉजी' असा स्वतंत्र परिच्छेद जवळजवळ नेहमी असतो. अडचण एवढीच, की हे नवे निबंध स्वामित्वहक्कामुळे बीएचएलवर सहसा नसतात. अंजनेरीच्या सिरोपेजिया अंजनेरिकाचा मूळ निबंध हवा असेल तर इपनीतून नियतकालिकाचं नाव, खंड आणि पान घेऊन तो वेगळा शोधावा लागतो.

बीएचएल वापरताना तीन गोष्टी सांभाळा. छापील पान क्रमांक आणि स्कॅनचा क्रमांक वेगळे असतात, कारण मधली चित्रं मोजली जातात; पानांच्या यादीतून छापील क्रमांक निवडा. अठराव्या शतकातल्या छपाईत लांब 'एस' 'एफ'सारखा दिसतो आणि यंत्र तो 'एफ' म्हणूनच वाचतं, त्यामुळे मजकुरात शोध फसतो. तिसरं म्हणजे पूर्ण ग्रंथ उतरवू नका. शेकडो एमबी जातात. हवी ती पानं निवडून त्यांचीच पीडीएफ बनवता येते, तेवढं पुरे.

आणि बीएचएलवर एकदा मलबारचा डच अधिकारी ऱ्हीड याचा तिथल्या वनस्पतींवरचा ग्रंथ 'हॉर्टस मलबारिकस' नक्की उघडा. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला निघालेले हे बारा खंड. चित्रांच्या पानांवर झाडाचं नाव रोमन, मल्याळम आणि अरबी लिपीत असतं आणि त्यासोबत नागरीतही, कारण रंगा भट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य या कामात होते. पहिल्या खंडात त्यांनी नागरीत दिलेलं कोकणी प्रमाणपत्रही छापलेलं आहे. लिनियसने भारतातल्या अनेक झाडांसाठी याच ग्रंथावर भिस्त ठेवली. लॅटिन येत नसलं तरी चित्रावरचं नागरी नाव आपल्याला वाचता येतं, आणि युरोपीय नावामागे कोणतं देशी नाव उभं होतं ते तिथेच कळतं.

नाव का बदललं या प्रश्नाला पोवो अर्धंच उत्तर देतं. बाभळीचं अकेशिया निलोटिका शोधलं तर ते व्हॅशेलिया निलोटिकाचं सिनॉनिम आहे एवढं कळतं. कारण कळत नाही. कारण असं: अकेशिया ही प्रजाती एकसंध नाही असं दिसल्यावर तिचे तुकडे करावे लागले, आणि 2005च्या व्हिएन्ना परिषदेत 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या गटाला देण्याचं ठरलं. 2011मध्ये मेलबर्नला ते कायम झालं. 'अकेशिया' हा शब्द ग्रीकांनी नाईलकाठच्या काटेरी झाडासाठी वापरला होता, म्हणजे आपल्या बाभळीसाठीच. तरी ते नाव तिच्याकडे राहिलं नाही. व्हॅशेलिया हे नाव मकावमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री असलेल्या जॉर्ज व्हॅशेलचं. खैर त्याच फुटीत सेनेगालियात गेला. हा इतिहास पोवोच्या पानावर दोन ओळींत देता आला असता. न देणं ही मला त्याची खरी उणीव वाटते, कारण नाव बदललं की सामान्य वाचकाला पहिला प्रश्न 'का' हाच पडतो.

शिवसुमनाचं उदाहरण याहून बोलकं आहे. डाल्झेलने एकोणिसाव्या शतकात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून 'फ्रेरिया इंडिका' हे नाव दिलं. पुढे काही शास्त्रज्ञांनी ही वनस्पती आधी कॅरालुमात आणि नंतर ब्युसेरोझियात घातली. कॅरालुमात 'इंडिका' आधीच होती आणि एका प्रजातीत एकच जातिनाम दोनदा चालत नाही, म्हणून नवं जातिनाम 'फ्रेरेई' केलं गेलं. म्हणजे प्रजातीतून गेलेला गव्हर्नर जातिनामात परत आला. पुस्तकांत फ्रेरिया इंडिका, कॅरालुमा फ्रेरेई, ब्युसेरोझिया फ्रेरेई अशी तीन नावं दिसली तर ती एकाच रोपाची आहेत.

मराठी वाचकासाठी मोठी अडचण पहिल्याच पायरीवर आहे. पोवो किंवा इपनीत मराठी नाव टाकून हाती काही लागत नाही, शास्त्रीय नाव आधी ठाऊक हवं. त्यासाठी 'फ्लॉवर्स ऑफ इंडिया' हे संकेतस्थळ कामाचं आहे. तिथे बऱ्याच वनस्पतींची मराठी नावं देवनागरीत आहेत. पण एका मराठी नावावर विसंबू नका. 'अशोक' म्हटलं की सीतेचा अशोक, सराका असोका, आणि रस्त्याकडेचा उंच, आसुपालव, असे दोघे पुढे येतात. पहिल्याच्या सिनॉनिमांत 'जोनेशिया' दिसेल, विल्यम जोन्सवरून रॉक्सबर्गने दिलेलं. दुसरा जुन्या पुस्तकांत पॉलिअल्थिया लाँगिफोलिया आहे आणि आता मोनून लाँगिफोलियम. 'लाँगिफोलिया'चं 'लाँगिफोलियम' का झालं, तर मोनून नपुंसकलिंगी आहे. फोटो आणि वर्णन जुळल्याशिवाय नाव पुढे नेऊ नये.

पोवोचा नकाशा अर्थ तपासायला फार उपयोगी पडतो, आणि त्यासाठी फारसं कुणी तो वापरत नाही. हिरवा भाग मूळ प्रदेश, जांभळा भाग नंतर पोचलेला. चिंचेचं नाव टॅमारिंडस इंडिका. अरबी 'तम्र हिंदी', म्हणजे हिंदी खजूर, यावरून प्रजाती आणि वर पुन्हा 'इंडिका'. नकाशात मात्र हिरवा रंग आफ्रिकेच्या बाजूला आहे. कैलासपतीच्या कौरोपिटा गियानेन्सिसमध्ये दक्षिण अमेरिकेचं गियाना स्पष्ट आहे आणि नकाशा त्याला दुजोरा देतो. काजूच्या ॲनाकार्डियम ऑक्सिडेंटालेमधलं 'ऑक्सिडेंटाले' म्हणजे पश्चिमेकडचं, तेही खरं. जागेचं जातिनाम म्हणजे नाव देणाऱ्याला नमुना जिथला वाटला ती जागा, आणि 'इंडिका' हा शब्द तर त्या काळी सगळ्या पूर्वेसाठी सैलपणे वापरला जाई.

उच्चार कुठेच मिळत नाहीत. वनस्पतिशास्त्रीय लॅटिनचा एकच एक अधिकृत उच्चार नाही, त्यामुळे अक्षरं स्पष्ट उच्चारली की काम भागतं. लिहिताना मात्र रोमन स्पेलिंग सोबत ठेवा.

पाचपैकी गुण द्यायचे तर इपनीला पाच, बीएचएलला साडेचार आणि पोवोला चार. पोवोचा एक गुण कापला तो नाव बदलण्याची कारणं न दिल्याबद्दल. शाळेच्या, सोसायटीच्या किंवा गडावरच्या झाडांना पाट्या लावणाऱ्यांनी हा क्रम धरावा: मराठी नावावरून शास्त्रीय नाव, पोवोवर स्वीकृत नाव आणि नकाशा, सिनॉनिमांत मूळ नाव, इपनीत लेखक आणि वर्ष, आणि दुवा असेल तर बीएचएलवर मूळ पान. पाटीवर प्रजाती मोठ्या अक्षराने आणि जातिनाम लहान अक्षराने सुरू करा, दोन्ही शब्द तिरक्या अक्षरांत घ्या, लेखकाचं नाव सरळ अक्षरांत. जुनं प्रचलित नाव खाली कंसात द्या, म्हणजे पुस्तक हातात घेऊन येणाऱ्याचा गोंधळ होत नाही. पाटी रंगवायला देण्याआधी स्पेलिंग इपनीतून कॉपी करून घ्या, हाताने उतरवू नका. इपनीच्याच नोंदीत चूक दिसली तर तिथल्या संपादकांना लिहिता येतं. सोबत मूळ छापील पानाचा बीएचएल दुवा जोडा, कारण त्या पानावर काय छापलं आहे तेच शेवटी प्रमाण मानलं जातं.